डिसेंबरचा आकडा, मे महिन्याची खोली

"मामा, सगळे कोअर ४.७ ला लावू का?"

भाच्याचा फोन अमरावतीहून आला होता. दहावीची परीक्षा संपली आणि कबूल केल्याप्रमाणे त्याच्या बाबांनी त्याला असेंबल्ड कॉम्प्युटर घेऊन दिला. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, १६ जीबी रॅम. कुणीतरी व्हिडिओत हाच प्रोसेसर, त्याचे सगळे कोअर म्हणजे आतले काम करणारे भाग, ४.७ गिगाहर्ट्झला (सेकंदाला ४.७ अब्ज ठोके) चालवून दाखवला होता आणि त्याला तेच करायचं होतं.

मी विचारलं, "खोलीत थर्मामीटर आहे का?"

"प्रोसेसरचं तापमान दिसते नं स्क्रीनवर."

"प्रोसेसरचं नाही. खोलीचं."

तो गप्प झाला. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीनं छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं, शिकताना हा प्रश्न मलाही कुणी आधी विचारला नव्हता. विचारला असता तर त्याच्या आईच्या हळदीचे १९ फोटो आज धड असते.

अकोल्यात आमच्या बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, नवी भरायची, वार्निशात बुडवून भट्टीत सुकवायची. दुकानाला जोडूनच आमचं घर. २००८ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आला तो याच वासात. इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोअर ई२१६०, वेग १.८ गिगाहर्ट्झ. जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. वर्गातल्या एकाकडे २.४ चा महागडा कोअर २ ड्युओ होता. माझ्या स्वस्त प्रोसेसरला त्याची बरोबरी करता येईल असं मी एका मासिकात वाचलं आणि मला दुसरं काही सुचेना.

ती कल्पना नवीन नव्हती. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर. मदरबोर्डवरच्या ठोके देणाऱ्या घड्याळाचे ६६ मेगाहर्ट्झ गुणिले ४.५ असा त्याचा हिशेब होता. लोकांनी घड्याळ १०० वर नेलं आणि तोच तुकडा ४५० वर चालू लागला. पुष्कळांच्या बाबतीत व्होल्टेजलाही हात लावावा लागला नाही. पुढे एएमडीच्या अ‍ॅथलॉनवरचे कापलेले बारीक जोड लोकांनी चक्क पेन्सिलीनं जोडले, कारण शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं. प्रोसेसरचा गुणक, म्हणजे घड्याळाला ज्यानं गुणायचं तो आकडा, त्यानं मोकळा व्हायचा, बदलता यायचा. हे वाचताना मला बाबांच्या दुकानातली माणसं आठवायची. पाटीवर काय लिहिलंय ते वाचायचं आणि मग वस्तू उघडून खरं काय आहे ते बघायचं, ही त्यांची रोजची पद्धत.

माझ्या ई२१६० चं गणितही तसंच सोपं होतं. घड्याळ २००, गुणक ९, म्हणून १८००. गुणक वर नेता येत नव्हता, घड्याळ नेता येत होतं. २६६ केलं की २.४ गिगाहर्ट्झ. ३०० केलं की २.७.

पण वेग वाढतो म्हणजे नेमकं काय होतं हे मला शाळेतल्या लेझीमनं समजावलं. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला प्रत्येकानं आपली हालचाल पुरी करून पुढच्या ठोक्याला तयार असायचं. हलगी जलद करत गेलं तर पथक केव्हा मोडतं? सगळे थकल्यावर नाही. सर्वांत सावकाश असलेल्या एका मुलाचा हात अर्ध्यात राहतो तेव्हा. प्रोसेसरमध्येही प्रत्येक ठोक्याला विजेचा संकेत ट्रान्झिस्टरांच्या एकेका रांगेतून पलीकडे पोचायला हवा, आणि सर्वांत लांबची रांग ठोक्याची मर्यादा ठरवते. वेळ केवढा, तर ३ गिगाहर्ट्झला एका ठोक्यात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर जातो. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर चपळ होतात. तापले की साधारणपणे मंदावतात, शिवाय बंद असतानाही त्यांच्यातून झिरपणारी वीज वाढते आणि ती आणखी तापवते.

मग कंपनी कमी वेग का लिहिते? सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेकडो चिप बनतात आणि सगळ्या सारख्या निघत नाहीत. कंपनीला एकच आकडा छापून तो त्या नावाच्या प्रत्येक नगावर, प्रत्येक घरात, काही वर्षं टिकवायचा असतो. धुळीनं भरलेला पंखा, खाली आलेलं व्होल्टेज, वयानं मंदावलेले ट्रान्झिस्टर, हे सगळं धरून ती आकडा ठरवते. कधी तर जास्त वेगाला चालणारी चिपही कमी आकड्याच्या नावानं विकली जाते, कारण मागणी त्या आकड्याला असते. कागदावरचा आकडा आणि तुमच्या हातातल्या चिपची खरी कुवत यांच्यामध्ये राखीव जागा असते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती जागा आपल्या जबाबदारीवर वापरायला घेणं.

बाबांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या एका मोटारीची पत्र्याची पाटी पुसून दाखवली. अश्वशक्ती, अँपिअर आणि एका टोकाला बारीक अक्षरात ४० अंश. म्हणजे भोवतालची हवा ४० पर्यंत असेल तोवर पाटीवरचे बाकीचे आकडे खरे. "आपल्याकडे मे महिन्यात विहिरीवर किती असते? पंचेचायीस." मग ते म्हणाले, "मोटर गतीनं नाही जयत. गरमीनं जयते." वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. पुण्यात इतकी वर्षं काढूनही हे वाक्य मला शुद्ध करून लिहिता येत नाही.

मी ते ऐकलं आणि डिसेंबरमध्ये कामाला लागलो.

बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये, घड्याळ २०० वरून २२०, २४०, २६६. प्रत्येक पायरीला प्राइम९५ चालवायचो. मोठमोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्यांसाठी बनलेला हा प्रोग्रॅम. त्यात प्रोसेसरला पिळून काढणारी चाचणी आहे, आणि उत्तर ठाऊक असलेली गणितं असल्यानं एक जरी चुकलं तरी तो थांबून सांगतो. २.४ ला आठ तास चालला. २.७ ला चाळीस मिनिटांत थांबला. व्होल्टेज थोडं वाढवलं, मग तिथेही रात्रभर चालला. सकाळी स्क्रीनवर एकही चूक नव्हती. खोलीत २१ अंश, प्रोसेसर ५९. मी हे वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या वाढवलेल्या व्होल्टेजबद्दल इथेच सांगतो, कारण नवशिक्याचा हात सगळ्यात आधी तिकडे जातो. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.४ वरून २.७ म्हणजे वेग साडेबारा टक्के जास्त. त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केलं तर वीज ३१ टक्के वाढते, आणि ती सगळी उष्णता होऊन त्याच खोलीत येते. याशिवाय जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमानात प्रवाह धातूच्या सूक्ष्म तारांमधले अणू हळूहळू ढकलत नेतो. तार एका जागी बारीक होत जाते. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. दोन वर्षांनी, कालपर्यंत चालणाऱ्या सेटिंगवर मशीन अडखळायला लागतं तेव्हा कळतं. म्हणून नुसता वेग वाढवून बघण्यात चिपला धोका थोडा आहे, फार तर मशीन सुरू होणार नाही. मग मदरबोर्डवरचा जम्पर लावून किंवा बटणासारखा गोल सेल काढून बायॉस मूळ जागी आणता येतं. व्होल्टेजचं तसं नाही. तिथली चूक परत घेता येत नाही.

ताईचं लग्न मे २००९ मध्ये होतं. घर पाहुण्यांनी भरलं. दुपारी भारनियमन, संध्याकाळी वीज आली की सगळे कूलरसमोर. चुलतभावाकडे डिजिटल कॅमेरा होता आणि त्यात १ जीबीचं एकच कार्ड. हळदीच्या रात्री त्यानं ते माझ्याकडे दिलं. "कॉपी करून घे, सकाळी लग्नाला रिकामं पाहिजे." मी २१४ फोटो कॉपी केले, पहिले चार-पाच उघडून पाहिले, छान दिसत होते. कार्ड रिकामं करून त्याला दिलं.

आठवड्यानं सगळे एकत्र बसून फोटो बघताना कळलं. काही फोटो वरून नीट आणि मध्यापासून खाली एकसारखे राखाडी. काहींचे रंगच घसरलेले. १९ फोटो. एकात आजी ताईला हळद लावते आहे. आजीचा चेहरा आहे, ताईचं कपाळ आहे, आणि आजीचा हात जिथे टेकला असणार तिथून राखाडी सुरू होतं.

कॉम्प्युटर एकदाही हँग झाला नव्हता. निळा स्क्रीन आला नव्हता. मला वाटायचं की अस्थिर मशीन बंद पडतं, म्हणजे बंद न पडणारं मशीन स्थिर. ही समजूत चूक आहे, आणि सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट आधी सांगतो. मशीन बंद पडलं तर नशीब. पडलं नाही तर एखादा बिट गुपचूप उलटतो, तो फाइलमध्ये लिहिला जातो, आणि पुढे ती फाइल कितीही चांगल्या मशीनवर नेली तरी ती तशीच राहते.

मी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरचा पंखा फिरत होता. प्राइम९५ लावला तर तापमान ८१ वर गेलं, पण गणित लगेच चुकलं नाही. मला काहीच कळेना. बाबा दुकानातून हात पुसत आले, उभ्या उभ्या पाहिलं आणि प्रोसेसरच्या खालच्या बाजूला असलेल्या लहानशा, पंखा नसलेल्या हिटसिंककडे, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याकडे, बोट दाखवलं.

"त्याले हात लावून पाय."

एक सेकंदही बोट ठेववलं नाही.

तो नॉर्थब्रिज होता. त्या काळच्या इंटेलच्या अशा मशीनमध्ये रॅमचा कारभार बघणारा भाग प्रोसेसरमध्ये नसून या वेगळ्या चिपमध्ये असे. घड्याळ ३०० वर नेलं तेव्हा मी प्रोसेसरबरोबर त्यालाही पळवत होतो.  डिसेंबरच्या थंडीत त्यानं निभावून नेलं. मे महिन्यात, ४१ अंशांच्या खोलीत, रात्री सलग २१४ फोटो कॉपी होताना त्याला ते जमलं नाही. माझ्या वहीत प्रोसेसरचं तापमान होतं, वेग होता, व्होल्टेज होतं. नॉर्थब्रिजची नोंद नव्हती, कारण तिथे सेन्सरच नव्हता, आणि ज्याचा आकडा स्क्रीनवर दिसत नाही ते तापतही असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी वही मागितली, पान पाहिलं आणि पेनानं "खोली २१" याच्याभोवती गोल केला. प्रोसेसरवरचा, नुसत्या हवेवर चालणारा कोणताही कूलर भोवतालच्या हवेपेक्षा वस्तू थंड करू शकत नाही. त्यामुळे प्रोसेसरचं तापमान सांगताना खरं सांगायचं असतं ते खोलीपेक्षा किती वर, हे. डिसेंबरमध्ये ३८ अंश वर, मे महिन्यात ४० अंश वर. प्रोसेसर जवळजवळ तेवढंच तापत होतं. २० अंशांनी खोली बदलली होती. जगभरचे मार्गदर्शक लेख बहुतेक वेळा थंड किंवा एसी लावलेल्या खोलीत बसून लिहिलेले असतात, आणि अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. तिथे त्यातला आकडा जसाच्या तसा उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीच्या मापानं आपली मोटर बसवणं.

त्या दिवशी मी घड्याळ २६६ वर आणलं. २.४ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज मूळचं. तो कॉम्प्युटर नंतर सहा उन्हाळे त्याच आकड्यावर चालला. त्यात एकदा एसएमपीएस धूर काढून गेला, तो बदलला. पाकिटावर ४५० वॅट लिहिलेलं असलं म्हणजे आत ४५० वॅटचं सामान असतंच असं नाही. वजन हातात घेऊन फरक कळतो. ओव्हरक्लॉकिंगसाठी पैसे उरले असतील तर ते आधी एसएमपीएसवर घाला, मग प्रोसेसरच्या कूलरवर.

हे सगळं भाच्याला सांगून झाल्यावर त्यानं रास्त प्रश्न विचारला. "मग आता करूच नको का?"

कर. पण काळ बदललाय हे समजून कर. इंटेलनं २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून मूळ घड्याळाशी इतर सगळे भाग असे बांधून टाकले की ते १०० वरून फार हलवता येईना. वेग वाढवायचा तर नावापुढे 'के' असलेला, मोकळ्या गुणकाचा प्रोसेसर आणि त्याला साजेसा चिपसेट घ्यावा लागू लागला. एएमडीनं २०१७ पासून जवळजवळ सगळ्या डेस्कटॉप रायझनचा गुणक मोकळा ठेवला. पण त्याहून मोठा बदल असा की प्रोसेसर आता स्वतःच ती राखीव जागा वापरतो. भाच्याचा ५६००एक्स ३.७ चा आहे, पण तापमान, वीज आणि प्रवाह यांवर क्षणाक्षणाला नजर ठेवून तो एखाद्या कोअरला ४.६ पर्यंत नेतो. वीज ७६ वॅटच्या हद्दीत ठेवतो. आमच्या वेळी रात्र रात्र जागून जे शोधायचं ते काम तो सेकंदाला कितीतरी वेळा करतो. सगळे कोअर एका आकड्याला बांधले की ही हुशारी बंद होते. ४.७ च्या हट्टासाठी व्होल्टेज चढवायचं आणि मे महिन्यात ९५ अंशांच्या भिंतीला, म्हणजे त्याच्या कमाल तापमानाला, डोकं टेकवायचं, यात मला हशील दिसत नाही.

उरलेली राखीव जागा किती मोलाची आहे हे २०२४ मध्ये साऱ्यांनी पाहिलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होते आणि त्यानं कायमचे अस्थिर होत होते. ज्यांनी कधी ओव्हरक्लॉकिंग केलं नाही अशांचेही. कंपनीला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्रॅम, बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. दुसऱ्या टोकाला, २०२३ मध्ये द्रवरूप हेलियम ओतून एका इंटेल प्रोसेसरला ९ गिगाहर्ट्झच्या पलीकडे नेणारेही आहेत. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. तो खेळ काही मिनिटांचा असतो आणि तिथली खोली आपली नसते, एवढंच.

भाच्याला मी उलट्या दिशेनं सुरुवात करायला सांगितली. आधी आईचे, आजीचे सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे आणि ती काढून कपाटात ठेव. मग आठ दिवस काहीही बदलू नकोस. सकाळी, भर दुपारी आणि रात्री सिनेबेंच हा प्रोसेसरचा वेग मोजून गुण देणारा प्रोग्रॅम लाव, आणि खोली, प्रोसेसर, वॅट आणि गुण लिहून ठेव. आहे ते मोजलंच नाही तर वाढलं किती हे कशावरून सांगणार? त्यानंतर बायॉसमध्ये कर्व ऑप्टिमायझर नावाची सोय आहे, तिथे उणे ५, मग उणे १०. एका वेळी एकच बदल. यानं प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं कमी होतं, वीज वाचते, आणि वाचलेल्या विजेत प्रोसेसर स्वतःहून जास्त वेग घेतो. माझ्या त्या वेळच्या हिशेबाच्या अगदी उलट, पण पाया तोच, व्होल्टेजचा वर्ग.

यातही एक खोच आहे. व्होल्टेज जास्त कमी झालं तर मशीन भरपूर कामात असताना नाही, निवांत असताना पडतं. एकाच कोअरवर हलकं काम येतं, तो सर्वोच्च वेगाला उडी मारतो आणि नेमकं तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून सगळ्या कोअरना एकदम पिळणारी चाचणी पुरत नाही, एकेक कोअर सुटा तपासावा लागतो. आणि डिसेंबरमध्ये पास झालेलं सेटिंग मे महिन्यात परत तपासायचं. त्यानं सुरुवातच एप्रिल-मे मध्ये केली याचा मला आनंद आहे. त्याच्या हाती येईल तो आकडा वर्षभर टिकेल.

"आणि वॉरंटी?" त्यानं विचारलं. कंपनीच्या नियमांत ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवून झालेलं नुकसान बसत नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. बाबांचे पैसे आहेत, तेव्हा त्यांनाही सांग.

दहा दिवसांनी त्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर माझ्यापेक्षा बरंच चांगलं आहे. तारीख, वेळ, खोली, प्रोसेसर, वॅट, गुण. दुकानातून त्यानं भिंतीवरचा साधा थर्मामीटर आणला होता. दुपारी तीनला खोली ४०, प्रोसेसर ८४. रात्री अकराला खोली ३४, प्रोसेसर ७८. आणि शेवटी एक रकाना होता जो मी सांगितला नव्हता. त्याच्यावर त्यानं लिहिलं होतं, "कूलर". पाण्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, खिडकीतला. त्याखाली चालू, बंद, चालू, आणि एका ठिकाणी कंसात, "चालू, पण टाकीत पाणी संपलं होतं."